अणुवीज केंद्रातल्या अपघाताची चौकशी: मी आधी बघतो ते घड्याळ कुठून सुरू केलंय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की अणुवीज केंद्रात अपघात झाला की चौकशी समिती बसते, पण नेमकं काय तपासायचं आणि काय नाही हे ठरतं कसं, ठरवतं कोण, आणि जपानमधल्या फुकुशिमाच्या एकाच अपघाताचे चार-चार मोठे रिपोर्ट असताना त्यांचं आपसात पटत का नाही, खरं कोणतं मानायचं. मी आधी बरीच वर्षं अणुवीज केंद्राच्या शिफ्टमध्ये काढली आणि नंतर सेफ्टी रिव्ह्यूमध्ये, लहानमोठ्या बऱ्याच घटनांच्या चौकशी समित्यांवर बसलोय, त्यामुळे जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

व्याप्ती म्हणजे सरकारी मराठीत कार्यकक्षा, आमच्या बोलण्यात नुसतं टीओआर (टर्म्स ऑफ रेफरन्स). बहुतेक वेळा एखाद-दुसरं पान असतं. लोक पाचशे पानांचा रिपोर्ट उघडून थेट निष्कर्षावर जातात, मी ते एक पान आधी वाचतो, कारण उत्तर कुठपर्यंत जाऊ शकतं हे तिथेच ठरलेलं असतं. आणि त्या पानात पहिली गोष्ट शोधतो ती म्हणजे घटनाक्रम कोणत्या तारखेपासून सुरू करायला सांगितलाय. बाकी सगळं नंतर.

फुकुशिमाच घ्या. घड्याळ ११ मार्च २०११ दुपारी २:४६ ला, म्हणजे भूकंप झाला तिथून सुरू केलं तर गोष्ट अशी होते: ९.० तीव्रतेचा भूकंप, चालू असलेली १, २, ३ ही तिन्ही युनिटं आपोआप बंद झाली, बाहेरची वीज गेली, डिझेल जनरेटर सुरू झाले, मग पाऊणएक तासानी १४-१५ मीटरची लाट आली, डिझेल आणि स्विचगिअर म्हणजे वीज वाटणारी पॅनेलं पाण्याखाली, सगळा काळोख, पुढे मेल्टडाउन, म्हणजे गाभ्यातलं इंधन वितळणं, आणि हायड्रोजनचे स्फोट. म्हणजे निसर्गाचा कोप, माणसं बिचारी लढली. यात खोटं एक अक्षर नाही. आता तेच घड्याळ २००८ पासून सुरू करा. त्या वर्षी टेपकोच्या म्हणजे कंपनीच्याच लोकांनी गणित करून १५.७ मीटरपर्यंत लाट येऊ शकते असा आकडा काढला होता, आणि डिझाइन मात्र ५.७ मीटर धरून होतं, नंतर २००९ ला ते ६.१ केलं. तो आकडा नियामकाच्या, म्हणजे सुरक्षेवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, हातात कधी पडला माहितीये? ७ मार्च २०११. चार दिवस आधी. अजून मागे जा, १९९० ला, तर तिथल्या अणुसुरक्षा आयोगाच्या डिझाइनच्या मार्गदर्शक तत्त्वात असं होतं की वीज दीर्घकाळ जाण्याचा विचार करायची गरज नाही, कारण लाइन लवकर परत येईल असं धरायला हरकत नाही. आणि १९६७ पर्यंत गेलात तर तिथे मूळचा ३५ मीटर उंचीचा कडा होता तो खोदून १० मीटरवर आणला आणि त्यावर प्लांट उभा केला. अपघात तोच, लाट तीच, फक्त घड्याळ मागे नेलं की दोषी बदलतो. मी हे सगळ्यात आधी सांगतोय कारण बाकीचे वाद बहुतेक इथूनच फुटतात.

मग लगेच दुसरा प्रश्न येतो, किती मागे जायचं, आदमच्या काळापर्यंत? नाही. माझा स्वतःचा ठोकताळा असा आहे की मागे जात राहायचं, जोपर्यंत असा निर्णय सापडत नाही जिथे कोणाकडे तरी दुसरा पर्याय होता, माहिती होती, आणि तरी त्यानी वेगळं केलं किंवा काहीच केलं नाही. तिथून पुढे अजून एक पायरी मागे जायची, कारण त्या माणसाला तसं करणं सोयीचं का वाटलं हे कळल्याशिवाय पुढच्या वेळी दुसरा माणूस तेच करणार. त्याच्या मागे गेलात की मग इतिहासाचं पुस्तक होतं, चौकशी राहत नाही.

थ्री माइल आयलंडचं उदाहरण याला मस्त आहे. २८ मार्च १९७९, पेनसिल्व्हेनिया, पहाटे ४ च्या सुमाराला दुसऱ्या युनिटमध्ये फीडवॉटर पंप बंद पडले, प्रेशर वाढलं, वरचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडला आणि उघडाच अडकला. कंट्रोल रूममधला दिवा सांगत होता की व्हॉल्व्ह बंद आहे, कारण तो दिवा व्हॉल्व्हची खरी स्थिती दाखवतच नव्हता, व्हॉल्व्ह हलवणाऱ्या विद्युतचुंबकाला (सोलेनॉइडला) करंट आहे की नाही एवढंच दाखवत होता. ऑपरेटरांना वाटलं प्रेशरायझर, म्हणजे प्रेशर सांभाळणारी टाकी, पाण्यानी पूर्ण भरतोय, तेच तर त्यांना ट्रेनिंगमध्ये घाबरवून शिकवलं होतं, म्हणून त्यांनी इमर्जन्सीचं पाणी कमी केलं. दोन तास वीस मिनिटांनी कुणीतरी त्याच लाइनवरचा ब्लॉक व्हॉल्व्ह बंद केला, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. आता चौकशी जर "त्या पहाटे ४ नंतर कंट्रोल रूममध्ये काय झालं" एवढीच असती तर निकाल पाच मिनिटांत लागला असता, ऑपरेटरनी पाणी कमी केलं, चूक ऑपरेटरची, दोघांना घरी पाठवा. पण राष्ट्राध्यक्षांनी नेमलेलं केमेनी कमिशन मागे गेलं तर सापडलं की दीड वर्ष आधी, २४ सप्टेंबर १९७७ ला, ओहायोमधल्या डेव्हिस-बेसी केंद्रात, त्याच बॅबकॉक अँड विल्कॉक्स कंपनीच्या रिॲक्टरवर, हाच व्हॉल्व्ह असाच अडकला होता आणि ऑपरेटरांनी असंच पाणी कमी केलं होतं, फक्त रिॲक्टर ९ टक्के पॉवरवर होता आणि व्हॉल्व्ह वीसेक मिनिटांत बंद झाला म्हणून निभावलं. कंपनीच्याच एका सीनिअर इंजिनिअरनी मेमो लिहिला होता की हे पूर्ण पॉवरला झालं असतं तर गाभा उघडा पडला असता. तो मेमो या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला, ऑपरेटरांपर्यंत सूचना गेलीच नाही. म्हणजे चूक ऑपरेटरच्या हातून झाली, पण ती त्याच्या हातात आणून ठेवली दुसऱ्यांनी.

केमेनी कमिशनला हे का जमलं? जॉन केमेनी हे डार्टमाउथ कॉलेजचे अध्यक्ष, गणितज्ञ, बेसिक ही कॉम्प्युटरची भाषा ज्या दोघांनी तयार केली त्यातले एक. अणुउद्योगातले नाहीत. बारा सदस्य होते आणि त्यात जवळच्या मिडलटाउन गावातली एक सहा मुलांची आईसुद्धा होती, मला ही निवड फार आवडते. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी दिलेल्या आदेशात फक्त तांत्रिक कारण नव्हतं, कंपनीची भूमिका होती, आणीबाणीची तयारी होती, लोकांना माहिती कशी मिळाली हे होतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नियामक संस्था स्वतःच तपासाच्या कक्षेत होती. लायसन्स कसं देतात, इन्स्पेक्शन कसं करतात, सगळं. इथेच घोडं पेंड खातं बऱ्याच ठिकाणी. नियामकानी नेमलेली समिती नियामकाला तपासायला कचरते, मुद्दाम नाही हो, पण टीओआर लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर स्वतःचं टेबल येतच नाही. केमेनीनं शेवटी सांगितलं की नियामकाच्या संघटनेत, पद्धतींत आणि मुख्य म्हणजे दृष्टिकोनात मूलभूत बदल लागेल. व्याप्तीत ते नसतं तर हे वाक्य लिहायला जागाच नव्हती.

आणि त्यांनी काय सोडलं तेही बघा. अणुऊर्जा हवी की नको, कोळसा बरा की अणू, किती सुरक्षित म्हणजे पुरेसं सुरक्षित, यात ते शिरले नाहीत आणि तसं रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलं. सहा महिन्यांत रिपोर्ट बाहेर, ३० ऑक्टोबर १९७९ ला. व्याप्ती रुंद हवी म्हणजे अमर्याद हवी असं नाही. साप म्हणून भुई धोपटत बसलात तर तीन वर्षं जातात, तेवढ्यात तसाच व्हॉल्व्ह दुसरीकडे अडकतो.

एक गंमत, म्हणजे गंमत नाही पण सांगण्यासारखं. त्याच पहाटे इमर्जन्सी फीडवॉटरचे दोन व्हॉल्व्ह बंद सापडले, जे उघडे असायला हवे होते. आठेक मिनिटांनी लक्षात आलं. ते कोणी बंद ठेवले हे शोधायला बरीच शक्ती गेली आणि शेवटी ठोस उत्तर मिळालं नाही, आणि अपघाताच्या परिणामात त्याचा फार वाटाही नव्हता. कोणत्याही समितीत असा एक रहस्यमय धागा निघतोच, सगळे त्याच्या मागे लागतात कारण त्यात गुन्हेगार सापडेल असं वाटतं. अध्यक्षानी तिथे हिशेब मांडायचा असतो की हा व्हॉल्व्ह उघडा असता तर गाभा वाचला असता का? नसता, तर दोन परिच्छेद लिहा आणि पुढे चला.

चेर्नोबिलला व्याप्तीचा दुसराच खेळ झाला. २६ एप्रिल १९८६ ला अपघात, ऑगस्टमध्ये व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा एजन्सीत सोव्हिएत शिष्टमंडळानी सविस्तर मांडणी केली, लेगासोव या शास्त्रज्ञांनी. लोक भारावून गेले की सोव्हिएत लोक एवढं उघड बोलतायत. पण त्या मांडणीत ऑपरेटरनी कोणते नियम मोडले यावरच सगळा भर, आणि एजन्सीच्या सल्लागार गटाचा पहिला रिपोर्ट, इन्सॅग-१, त्याच माहितीवर उभा राहिला. पाहुण्यांनी यजमानानं वाढलं तेच खाल्लं, दुसरं काय करणार, स्वयंपाकघरात जायची परवानगी नव्हती. मग १९९२ ला इन्सॅग-७ आला आणि त्यात बरंच उलटलं. कंट्रोल रॉडच्या रचनेमुळे ठराविक परिस्थितीत शटडाउनचं बटण दाबल्यावर सुरुवातीला पॉवर कमी व्हायच्या ऐवजी वाढायची, आणि हे १९८३ ला लिथुआनियातल्या इग्नालिना केंद्र सुरू करताना दिसलं होतं, माहीत होतं, पण त्यावर काही झालं नव्हतं. ७०० मेगावॉट थर्मलच्या खाली चालवायला बंदी होती असं आधी ऑपरेटरांच्या माथी मारलं होतं, प्रत्यक्षात तशी बंदी नव्हतीच असं निघालं. तोपर्यंत १९८७ चा खटला होऊन सहा जणांना शिक्षा झालेल्या. ऑपरेटरांकडून काहीच चुकलं नाही असं इन्सॅग-७ म्हणत नाही, पण वजन कुठून कुठे सरकलं बघा. डिझाइन करणारी संस्थाच माहिती पुरवणार आणि तिचं डिझाइन व्याप्तीत जेमतेम, मग आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आता तुमच्या चार रिपोर्टकडे येतो. फुकुशिमावर एक सरकारनी नेमलेली समिती, एक जपानच्या संसदेची, एक खाजगी स्वतंत्र, आणि एक टेपकोचा स्वतःचा रिपोर्ट. पहिल्या दोन महत्त्वाच्या. सरकारी समितीचे अध्यक्ष योतारो हातामुरा, आयुष्यभर "अपयशाचा अभ्यास" हाच विषय असलेले टोकियो विद्यापीठाचे निवृत्त प्राध्यापक. त्यांनी पहिल्यांदाच जाहीर केलं की आम्ही कोणाची जबाबदारी निश्चित करायला बसलेलो नाही, कारणं शोधायला बसलोय. ७७२ लोकांशी बोलले, सगळे मिळून १४७९ तास, बंद दाराआड. प्लांटचे मुख्य योशिदा यांचीच जबानी जवळजवळ २८ तासांची. लोक मोकळे बोलले म्हणून पहिल्या युनिटच्या आयसोलेशन कंडेन्सरची गोष्ट एवढी बारकाईनं बाहेर आली.

ती गोष्ट सांगायलाच हवी. विजेशिवाय रिॲक्टर थंड ठेवायला तिथे आयसोलेशन कंडेन्सर होता, आपल्या तारापूरच्या पहिल्या दोन युनिटांत इमर्जन्सी कंडेन्सर म्हणतात त्याच जातीचा, तीही जनरल इलेक्ट्रिकचीच. भूकंपानंतर २:५२ ला तो आपोआप चालू झाला, ३:०३ ला ऑपरेटरनी बंद केला कारण तापमान तासाला ५५ अंशांपेक्षा वेगानं उतरत होतं आणि नियम तसं सांगत होता, मग एकच लाइन चालू-बंद चालू-बंद करत राहिले. लाट आली तेव्हा तो नेमका बंद अवस्थेत होता. डीसी म्हणजे बॅटरीची वीज गेली की त्याचे आयसोलेशन व्हॉल्व्ह बंद व्हायची सिग्नलची रचना होती, पण वर इमर्जन्सी सेंटरमध्ये बसलेले कितीतरी तास धरून चालले की तो चालू आहे. शिफ्टमधल्या कुणीच तो कधी प्रत्यक्ष अपघातात चालवलेला नव्हता. भिंतीतून वाफ किती जोरात आली म्हणजे तो नीट चालतोय हे कुणाच्या डोळ्यानं बघितलेलंच नव्हतं. आता मला सांगा, "११ मार्चला ऑपरेटरनी काय केलं" या व्याप्तीत, गेल्या कित्येक वर्षांत हे यंत्र कधी खरोखर चालवून बघितलं का, हा प्रश्न बसतो का?

याच्यावरून माझा एक किस्सा, प्लांटचं नाव सांगणार नाही. महिन्याच्या टेस्टला एक डिझेल जनरेटर सुरू झाला नाही. समिती बसली, टीओआर एका ओळीचा: अमुक तारखेला डीजी का सुरू झाला नाही. एअर स्टार्ट व्हॉल्व्हमध्ये पाणी आणि गंज सापडला, व्हॉल्व्ह बदला, रिपोर्ट बंद, दोन दिवसांचं काम. मी फक्त एवढं म्हटलं की गेल्या तीन वर्षांच्या स्टार्ट टेस्टची रेकॉर्ड्स पण यात घालूया. अध्यक्षांनी चष्म्यावरून बघितलं, "साहेब, हे आपल्या टीओआरमध्ये कुठे बसतं?" बसत नव्हतंच. त्यांनीच मग फोन करून वरून ओळ वाढवून घेतली, माणूस सज्जन. रेकॉर्डमध्ये तीन वर्षं सगळं पास पास पास. मग आम्ही मेकॅनिकल मेंटेनन्सच्या मुलांशी कँटीनमध्ये बोललो तर कळलं की दर टेस्टच्या आदल्या दिवशी ते एअर रिसीव्हरमधलं पाणी काढायचे, तेल फिरवून घ्यायचे, सगळं लख्ख करायचे आणि मग टेस्ट. पाहुणे येणार म्हणून घर आवरतो तसं. त्या महिन्यात ती पोरं दुसऱ्या युनिटच्या शटडाउनला गेली होती म्हणून आवराआवर झाली नाही. म्हणजे तीन वर्षं आम्ही डिझेलची नाही, त्या मुलांच्या आवराआवरीची टेस्ट घेत होतो. खरी वीज गेली असती तर आदल्या दिवशी कळवून थोडीच गेली असती. त्यांच्यावर कारवाई करायची का अशी चर्चा निघाली, मी म्हटलं त्यांनी सांगितलं नसतं तर आपल्याला कळलंच नसतं, आणि खरं तर ते चांगलंच काम करत होते, फक्त चुकीच्या दिवशी.

तर बंद दाराआड, दोष न ठरवता बोललं की असं निघतं. पण त्याची किंमत आहे. हातामुरा समितीला कायद्याचा हात नव्हता, लोकांच्या सहकार्यावर काम, आणि योशिदांची जबानी जनतेला बघायला मिळाली ती सप्टेंबर २०१४ मध्ये, तोपर्यंत ते वारलेले होते. संसदेची समिती बरोबर उलटी. कियोशी कुरोकावा अध्यक्ष, दहा सदस्य, खास कायदा करून नेमलेली, जपानच्या संसदेच्या इतिहासात अशी पहिलीच. बैठका लोकांसमोर, इंटरनेटवर लाइव्ह, ११६७ लोकांच्या मुलाखती. तिनं नियामक आणि कंपनीचं साटंलोटं सरळ नाव घेऊन मांडलं, नियामक संस्था ज्या उद्योग मंत्रालयाच्या पोटात होती त्याच मंत्रालयाचं काम अणुऊर्जेचा प्रसार करणं होतं, म्हणजे कुंपणच शेतात राहायला आलेलं. "मानवनिर्मित आपत्ती" हा शब्द तिचाच. तिला ते म्हणता आलं कारण तिचं घड्याळ ११ मार्चच्या कितीतरी आधीपासून चालू होतं. त्यामुळे दोन रिपोर्ट वेगळे वाटतात यात नवल नाही, दोघांना वेगळे प्रश्न दिले होते. मोकळेपणा आणि जबाबदारी दोन्ही एकाच समितीला नीट जमत नाही हे माझं मत, मी तर म्हणेन दोन समित्या हव्यातच, पण एकीच्या जबान्या दुसरीनं कशा वापरायच्या हे पहिल्या दिवशी लिहून ठेवा.

संसदेच्या समितीची मला सर्वांत आवडलेली गोष्ट कुठली सांगू? तिनं आपल्या व्याप्तीत काय नाही याची यादी छापली. पुढचं ऊर्जा धोरण नाही, वापरलेल्या इंधनाची विल्हेवाट नाही, नुकसानभरपाईचा तपशील नाही, बंद रिॲक्टर परत सुरू करायचे की नाही ते नाही, आणि जिथे रेडिएशनमुळे जाताच येत नाही त्या जागेवरचा तपास नाही. बहुतेक समित्या हे लिहीत नाहीत, मग वाचणाऱ्याला वाटतं की तपासलं आणि काही सापडलं नाही. तपासलं नाही आणि सापडलं नाही यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मी तर प्रत्येक वगळलेल्या मुद्द्यापुढे तो आता कोण बघणार आणि कधीपर्यंत हेही लिहायला लावायचो, त्यावरून शिव्याही खाल्ल्यात.

जागेची व्याप्ती हा अजून एक वाद. प्लांटच्या कुंपणाशी चौकशी थांबवायची का? फुकुशिमाच्या २० किलोमीटरच्या आतल्या हॉस्पिटलांतून आणि वृद्धाश्रमांतून म्हाताऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या पेशंटना घाईघाईनं हलवलं, त्यात मार्चअखेरपर्यंत किमान ६० जण गेले असं संसदेच्या समितीनं नोंदवलंय. रेडिएशननी नव्हे, हलवण्याच्या हालानी. चौकशी कुंपणाशी थांबली असती तर ही ६० माणसं कुठल्याच रिपोर्टमध्ये मेली नसती.

कुंपणाबाहेर अजून एका कारणासाठी जायचं, जे वाचलं ते बघायला. ओनागावा केंद्र भूकंपाच्या केंद्राला फुकुशिमापेक्षा जवळ होतं, तिथे लाट साधारण १३ मीटरची, पण जागाच १४.८ मीटरवर बांधलेली, म्हणून टिकलं, उलट आसपासच्या गावांतली माणसं आसऱ्याला त्या प्लांटमध्ये येऊन राहिली. फुकुशिमा दाइनी हे दुसरं केंद्र, दाइइचीपासून म्हणजे अपघात झालेल्या केंद्रापासून थोडंसंच दक्षिणेला, तिथेही पाणी शिरलं पण बाहेरच्या विजेची एक लाइन जिवंत होती, आणि लोकांनी हातानी ९ किलोमीटर केबल ओढून पंप चालू केले. दाइइचीतही ६ नंबरच्या युनिटचा हवेनं थंड होणारा एक डिझेल जगला आणि त्यानी ५ आणि ६ दोन्ही तारली. फक्त बुडालेल्याची चौकशी केली तर बुडण्याचीच कारणं मिळतात.

आपल्याकडचं बघायचं तर नरोरा. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे, उत्तर प्रदेशात, पहिल्या युनिटच्या टर्बाइनची दोन पाती तुटली, प्रचंड हादरे, हायड्रोजन आणि तेलाची आग, केबल जळाल्या, १७ तास पूर्ण ब्लॅकआउट. कंट्रोल रूममध्ये धूर भरला, लोकांनी टॉर्च घेऊन वर चढून हातानी बोरॉन (अणुप्रक्रिया दाबून ठेवणारं द्रव्य) सोडायचे व्हॉल्व्ह उघडले, आणि आग विझवायच्या डिझेल पंपांनी स्टीम जनरेटरला पाणी दिलं. किरणोत्सर्ग बाहेर गेला नाही. आता टर्बाइन म्हणजे "कन्व्हेन्शनल साइड", न्यूक्लिअरवाल्यांचा प्रांत नाही, पात्यांचं मेटलर्जी बघा आणि फाइल मिटवा असं सहज होऊ शकलं असतं. पण आगीनं एकाच वेळी सगळ्या वीजपुरवठ्यांच्या केबल कशा खाल्ल्या हा प्रश्न पात्यांपेक्षा मोठा, कारण एकमेकांना पर्याय म्हणून ठेवलेल्या केबल शेजारी शेजारी, मधे धड आडोसा नाही. पातं उद्या दुसऱ्या कारणानं तुटेल. केबलचा रस्ता तोच राहिला तर परत तेच.

काक्रापारचं अजून वेगळं. ११ मार्च २०१६, योगायोग बघा तारखेचा, पहिल्या युनिटमध्ये कूलंट चॅनलला गळती. आधी वाटेल एका प्रेशर ट्यूबचं, म्हणजे इंधन असलेल्या नळीचं प्रकरण. पण ट्यूबच्या बाहेरच्या बाजूला गंजाचे ठिपके सापडले, बाहेरच्या बाजूला असतो ॲन्युलस गॅस, म्हणजे ट्यूबभोवतीच्या पोकळीतला कार्बन डायऑक्साइड, मग तपासाचं बोट त्या गॅसमधल्या अशुद्धतेकडे गेलं. म्हणजे धातूपासून सुरू झालेली चौकशी गॅस सिलिंडरच्या खरेदीपर्यंत. व्याप्ती लिहिताना असा दरवाजा उघडा ठेवावा लागतो, पुरावा नेईल तिथे जाण्याची, आणि मधे टीओआर बदलून घेण्याची लेखी सोय.

पुराव्याचंही असंच. पहिल्या तासात रेकॉर्ड गोठवा, लॉगबुक, चार्ट, कॉम्प्युटरचे प्रिंट, कारण थ्री माइल आयलंडला अलार्मचा प्रिंटर दोन तासांपेक्षा जास्त मागे पडला होता आणि काही नोंदी कायमच्या गेल्या. आणि काही पुरावा दहा-दहा वर्षांनी येतो. तिथला गाभा अर्धाअधिक वितळला होता हे १९८५ च्या सुमाराला कॅमेरा आत गेल्यावर नीट कळलं, केमेनीचा रिपोर्ट तर १९७९ चा. फुकुशिमात संसदेच्या समितीला पहिल्या युनिटचा चौथा मजला बघायचा होता, टेपकोनी सांगितलं आत अंधार आहे, नंतर उघड झालं की तिथे दिव्यांची सोय होती. कंपनी म्हणाली मुद्दाम नाही केलं. ते काहीही असो, भूकंपानीच एखादी छोटी पाइप फुटली असेल ही शक्यता समितीला नाकारता आली नाही आणि तिनं ती तशीच उघडी ठेवली. नंतर २०१४ ला नव्या नियामक प्राधिकरणानं तपासून मत दिलं की कारण त्सुनामीच. तर "खरं कोणतं मानायचं" याचं माझं उत्तर, या मुद्द्यावर नंतरचं माना, संस्थांच्या वागण्याबद्दल संसदेचं माना, आणि कंट्रोल रूममध्ये मिनिटामिनिटाला काय झालं यासाठी हातामुरांचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये दुसऱ्या युनिटमधून वितळलेल्या इंधनाचा पहिला तुकडा काढला, वजन सुमारे ०.७ ग्रॅम, आत शेकडो टन पडलंय. म्हणजे २०१२ चे चारही रिपोर्ट गाभ्याचा कण हातात न घेता लिहिलेले आहेत, हे वाचताना डोक्यात असू द्या.

वाचायला सुरुवात करायची तर संसदेच्या रिपोर्टचा इंग्रजी सारांश आधी घ्या, छोटा आहे, मग हातामुरांच्या डिसेंबर २०११ च्या अंतरिम रिपोर्टमधला आयसोलेशन कंडेन्सरचा भाग. तो दोनदा वाचा, पहिल्या वेळी ऑपरेटर म्हणून आणि दुसऱ्या वेळी मेंटेनन्सवाला म्हणून. काही अडलं तर परत विचारा.